काळ्या बर्फावरचं पिल्लू

ग्रीनलंड मी पहिल्यांदा सिहोऱ्याच्या शाळेत, भिंतीवरच्या नकाशात पाहिलं. नकाशाचा वरचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता, त्यामुळे आमच्या वाट्याला अर्धंच ग्रीनलंड आलं. भूगोलाच्या बाई तिथे काठी टेकवायच्या आणि म्हणायच्या, "इथे बर्फ आहे. परीक्षेत विचारत नाहीत." त्या न विचारलेल्या बर्फावर मी यंदा एप्रिल आणि मे मिळून सहा आठवडे राहून आले. त्या बाईंनी आणि त्यांच्यासारख्या चार-पाच जणांनी मला पुस्तकं दिली नसती, तर आज मी कुठे असते हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आपल्या वाचनालयाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पण हे सहलीचं वर्णन नाही. तिथे जे पाहिलं ते बहुतेक दुःखाचं आहे, आणि त्यातलं थोडं माझ्या हातून झालेलं आहे.

माझं काम केसांचं. वाघ-बिबट्यांच्या विष्ठेत सापडलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि त्यांनी काय खाल्लं, चितळ, रानडुक्कर की कोणाची गाय, ते ओळखायचं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे हे काम लोकांना समजावून सांगताना आईची पंचाईत होते. "माही पोरगी केसं पायते," एवढंच ती सांगते. मग बायका मला विचारतात, नागपुरात पार्लर कुठे टाकलं म्हणून.

याच कामामुळे कारेनची ओळख झाली. ती डेन्मार्कची, साठीला आलेली प्राध्यापक. तिचं पत्र आलं: उत्तर ग्रीनलंडच्या एका किनाऱ्याजवळ जहाजाचं तेल सांडलं आहे, सीलच्या पिल्लांच्या केसांचं त्यामुळे काय होतं ते पाहायला येशील का? त्या जहाजाची चौकशी अजून चालू आहे, म्हणून जहाजाचं आणि त्या गावाचं नाव इथे देत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं विचारलं, "तिकडे तांदूळ भेटते का?"

"भेटत असंल."

"असंल म्हंजे? असंलवर पोट भरते का?" म्हणून तिनं चार किलो तांदूळ, जवसाची चटणी आणि तिळाच्या तेलाची बाटली बॅगेत कोंबली. "थंडी वाजली त आंगाले तेल चोळजो. तेलानं गरमी रायते."

आई गावात बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालते. आजीही हेच काम करायची. आजीला त्या घरांत बाळंतपणापुरतंच आत घेत आणि चहा वेगळ्या फुटक्या कपात देत. आईला आता घरच्याच कपात चहा मिळतो. एवढा बदल व्हायला आमच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्या. तेल हे आईचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे. परदेशातल्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं ती चटणी उघडून हुंगली, सलग तीनदा शिंकला आणि काहीही न विचारता बॅग बंद करून माझ्या हातात दिली. साऱ्या प्रवासात मी पोटभर हसले ती तेवढ्यापुरतीच.

किनाऱ्यावरचं गाव

हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे की इथे एकही झाड नाही. आपण झाडीपट्टीची माणसं. कितीही उजाड रान म्हटलं तरी पळस नाहीतर मोह कुठेतरी दिसतोच. तिथे नुसता खडक, त्यावर लाल-निळ्या-पिवळ्या लाकडी घरांची वस्ती, घरांपुढे साखळीला बांधलेले कुत्रे आणि समोर क्षितिजापर्यंत गोठलेला समुद्र. सूर्य आकाशात गोल फिरायचा, बुडायचा नाही. पहिले तीन दिवस झोप कधी घ्यायची हेच मला कळेना.

दुसरी गोष्ट जाणवली ती वासाची. बर्फाला वास नसेल असं मला वाटलं होतं. पण किनाऱ्याकडे दहा पावलं गेले आणि तुमसरच्या पेट्रोल पंपावर उभी असल्यासारखं वाटलं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर एक मालवाहू जहाज खडकाला घासलं होतं. जहाजाच्या इंजिनात जाळतात ते जाड, काळं तेल पाण्यात गेलं. ते काढायला माणसं पोहोचायच्या आत समुद्र गोठला आणि तेल बर्फात अडकून बसलं. लोकांना वाटलं, संपलं. पण बर्फाच्या आत केसासारख्या बारीक नळ्या असतात. उन्हाळा जवळ येतो तशा त्या उघडतात आणि अडकलेलं तेल हळूहळू वर चढतं. मी पोहोचले तेव्हा पांढऱ्या बर्फावर जागोजागी काळे डाग उमटायला लागले होते. रोज सकाळी ते थोडे मोठे झालेले दिसत.

कारेन आणि मी हान्सच्या घरी उतरलो. हान्स पन्नाशीचा शिकारी. त्याची बायको पिपालुक गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. मी दोन स्वेटर, दोन जाकिटं आणि दोन माकडटोप्या घालून बाहेर आले तेव्हा हान्सनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शाळेत गेलेला वॉलरस," तो पिपालुकला म्हणाला; वॉलरस म्हणजे सीलचाच सुळेवाला, धिप्पाड भाऊबंद. मग माझ्याकडे वळून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हे सगळं काढ. घामानं मरशील." आणि त्यानं सीलच्या कातड्याचे हातमोजे माझ्या हातात दिले. तितके ऊबदार हातमोजे मी आयुष्यात घातले नव्हते.

त्या गावात सील हे अन्न आहे, कपडा आहे, कुत्र्यांचा चारा आहे. आपल्याकडे धान पिकला नाही तर घराची जी गत होते ती तिथे सील मिळाला नाही तर होते. पहिल्या दिवशी पिपालुकनं रस्सा वाढला आणि मी चमचा हलवून पाहते तर आत तांदूळ. ती म्हणाली, सीलच्या मांसाच्या रश्शात आम्ही तांदूळ घालतोच. मी धावत जाऊन बॅगेतले चार किलो तांदूळ तिच्यापुढे ठेवले. तिनं मूठभर हातात घेऊन दाणा पाहिला आणि मान डोलावली. "तांदूळ चांगला आहे," ती म्हणाली, "पण सील नाही. हे दुकानातलं डुक्कर आहे. तीन महिने डुक्करच चाललंय."

"काहून?" माझ्या तोंडून आपलाच शब्द गेला. तिला तो कसा कोण जाणे कळला.

हान्सनं हिवाळ्यात एक सील मारून आणला होता. कापल्यावर चरबीला रॉकेलचा वास आला. त्यानं एक तुकडा कुत्र्यांपुढे टाकला. कुत्रे उपाशी होते. त्यांनी हुंगला आणि ते मागे सरकले. त्या दिवसापासून गावात कोणी सील खाल्ला नाही.

श्वासाची भोकं

आपल्याकडे अनेक जण सीलला मासा समजतात. तो मासा नाही. त्याला हवा लागते, तो पिल्लाला दूध पाजतो. तिथल्या लहान जातीच्या सीलचं तोंड मांजरासारखं असतं आणि अंगावर कड्यांची नक्षी असते. हिवाळाभर समुद्रावर बर्फाचं झाकण असतं, तेव्हा तो नखांनी खरवडून बर्फात भोकं पाडतो आणि ती गोठू देत नाही. दर थोड्या वेळानं त्या भोकाशी यायचं, नाक वर काढायचं, श्वास घ्यायचा, परत खाली. मादी अशाच एका भोकाशेजारी, साचलेल्या भुसभुशीत बर्फात गुहा करते आणि तिथे पिल्लाला जन्म देते.

आता तेलाचं पाहा. तेल पाण्यावर तरंगतं. बर्फाखालच्या तेलाला वर यायला वाट कुठे? त्याच भोकांतून. म्हणजे जिथे सीलला श्वास घ्यायचा, नेमकं तिथेच तेल येऊन साठतं. तिसऱ्या दिवशी मी पहिलं भोक पाहिलं. विहिरीसारखं गोल, आणि त्यात चार बोटं काळा थर. आम्ही लांब बसून वाट पाहिली. थर हलला, फुगला, आणि त्यातून एक डोकं वर आलं. डोळ्यांतून एकसारखं पाणी वाहत होतं. त्यानं श्वास घेतला, तो कशाचा घेतला असेल ते तुम्हीच समजा. डोकं पुन्हा काळ्यात बुडालं.

मोठ्या सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, त्यामुळे अंगाला तेल लागलं तरी त्याला थंडी लगेच मारत नाही. त्याचे डोळे जातात, छाती भरते, पोटात तेल जातं. पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला चरबी नसते. त्याला असतात फक्त केस. लांब, पांढरे, मऊ. त्या केसांत अडकलेली हवा हीच त्याची गोधडी. तेल लागलं की केस एकमेकांना चिकटून चपटे होतात आणि हवा निघून जाते. मी असे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पावसात भिजून आडव्या पडलेल्या धानासारखे दिसत होते. आईनं सांगितलेलं सगळं मला त्या काचेखाली उलटं दिसत होतं. आमच्या घरी तेलानं ऊब येते, इथे तेलानं ऊब जात होती.

नववा दिवस

नवव्या दिवशी हान्सच्या कुत्र्यांनी एक गुहा हुंगून काढली. छत कोसळलेलं होतं. आत पिल्लू पडलं होतं, आईच्या न्हाणीतल्या बाळांएवढं. मागचा अर्धा भाग आणि पोट काळं, पुढचा भाग पांढरा. कुत्र्यांना हान्सनं लांब नेऊन बांधलं. पिल्लू ओरडलं. त्याचा आवाज माणसाच्या बाळासारखा होता.

शेजारच्या भोकात मादीनं डोकं काढलं, आम्हाला पाहिलं आणि बुडाली.

"आई जिवंत आहे आणि येते आहे," कारेन म्हणाली. "तर मग पिल्लाला न्यायचं नाही. गावातल्या शेडमध्ये नेलेलं पिल्लू सहसा जगत नाही. आई परत आली तर ते जगेल, नाहीतर नाही. अंगावरचं तेल टिपून घेऊ, वाऱ्याच्या बाजूनं बर्फाची भिंत करू आणि लांब जाऊ." तिनं तेल शोषणारी जाड फडकी माझ्याकडे दिली, कारण माझे हात लहान. "मानेच्या वर हात लावायचा नाही. तोंडाला तर अजिबातच नाही. मादी नाकाला नाक लावून वासावरून पिल्लू ओळखते. तेलानं तो वास आधीच अर्धा बुजला आहे."

मला इंग्रजी कळतं. मला शास्त्रही कळतं. मी मान डोलावली.

कारेन दहा पावलांवर भोकातल्या तेलाची जाडी मोजत होती. हान्स बर्फाचे ठोकळे कापत होता. मी गुडघ्यांवर बसून पिल्लाची पाठ टिपत होते, पोट टिपत होते. ते थरथरत होतं. मग त्याला शिंक आली, आणि एका नाकपुडीवर काळा बुडबुडा आला. श्वासाबरोबर तो फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. एकदा फुटला आणि नाकपुडीवर पापुद्रा चढला.

मी सहा-सात वर्षांची असल्यापासून आईबरोबर बाळांच्या न्हाणीला जात आले. तांब्या भरून द्यायचा, टॉवेल धरायचा. आई एक गोष्ट प्रत्येक घरात प्रत्येक सासूला बजावते: बाकीचं सगळं मागून, लेकराचं नाक पहिले मोकळं करायचं. हे माझ्या डोक्यात नाही, हातात आहे. पाण्याची टंचाई म्हणून मी आंघोळीऐवजी नागपुरातून आणलेले ओले रुमाल वापरत होते, गुलाबाच्या वासाचे. पाकीट खिशात होतं. माझ्या हातानं एक रुमाल काढला, नाक पुसलं, दुसरा काढला, तोंड पुसलं. नाकपुडी मोकळी झाली. पिल्लानं मोठा श्वास घेतला. मला क्षणभर फार बरं वाटलं.

वर पाहिलं तर हान्स ठोकळा हातात धरून उभा होता.

"हे काय केलंस तू?" तो हळू म्हणाला.

मग मला गुलाबाचा वास आला.

तो ओरडला नाही. पिल्लू जिथे पडलं होतं तिथला त्याच्या मुतानं पिवळा झालेला बर्फ त्यानं मुठीत घेतला आणि पिल्लाच्या तोंडाला चोळला, पुन्हा पुन्हा. कारेन आली, वाकली, तिनं हुंगलं. ती एवढंच म्हणाली, "आता थांबू आणि पाहू."

पांढऱ्या पडद्यामागे

तिथले शिकारी बर्फावर सीलजवळ जाताना लाकडी चौकटीवर ताणलेला पांढरा पडदा पुढे ढकलत नेतात. मध्ये बंदुकीपुरतं छिद्र असतं. सीलला तो बर्फच वाटतो. हान्सचा पडदा आम्ही तीनशे पावलांवर उभा केला आणि त्यामागे पालथे पडलो. बंदुकीच्या छिद्रातून दुर्बीण लावली.

"माझ्या बापानं या छिद्रातून सील कधी येईल याची वाट पाहिली," हान्स पुटपुटला. "मीही पाहिली. पण आल्यावर मारायचा नाही म्हणून वाट पाहायची, ही पहिलीच वेळ."

दोन तासांनी मादी वर आली. डोळ्यांभोवती काळं, त्यातून पाणी. ती पोटावर सरकत पिल्लाजवळ गेली. पिल्लू ओरडत तिच्याकडे सरकलं. तिनं नाकाला नाक लावलं.

ती मागे सरकली.

पिल्लू तिच्या पोटाशी शिरायला लागलं. तिनं त्याची पाठ हुंगली, मग पुन्हा नाक. या वेळी जास्त वेळ. माझा हात हान्सच्या दंडावर होता, आणि मी तो किती जोरात धरला होता हे त्यानं नंतर दाखवलं. मादीनं पुढच्या पंजानं पिल्लाला बाजूला ढकललं. भोकाशी जाऊन एकदा वळून पाहिलं. पिल्लू ओरडलं. ती परत आली, अर्ध्या वाटेवर थांबली, आणि मग घसरून काळ्या पाण्यात गेली.

आम्ही आणखी चार तास थांबलो. पिल्लू भोकाच्या काठावर बसून ओरडत होतं.

"तिची आणखी भोकं असतात," शेवटी हान्स म्हणाला. "ती गेली."

मी कारेनला विचारलं, "माझ्यामुळे?"

तिनं दुर्बीण पुसली. "पाठीला तेलाचा वास होता, पोटाला होता. तुझ्यामुळे की तेलामुळे, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. तूही सांगू शकणार नाहीस. वहीत मात्र जे केलं ते लिही."

मी लिहिलं. 'नाक व तोंड सुगंधी रुमालानं पुसलं.' खाली सही केली.

शेडमधले तीन दिवस

आम्ही पिल्लू शेडमध्ये आणलं, मासळीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलं. नळीनं दूध दिलं, त्यातलं बरंचसं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रेटशेजारी बसले असताना आईचा फोन आला. सिहोऱ्यात तेव्हा संध्याकाळ होती, मागे कोणाच्या तरी बकऱ्या ओरडत होत्या.

"काय करून राहिली वो? जेवली का?"

मी तिला पिल्लाचं सांगायला लागले. तेल, गुहा, बर्फ. ती मध्ये मध्ये "अरे बाप्पा" म्हणत होती.

"नाक पुसलं का त्याचं पहिले?"

"हो."

"शाब्बास माही बाई. मंग? मायनं घेतलं का लेकराले?"

त्या शाबासकीनंतर मला खरं बोलता आलं नाही. "घेतलं," मी म्हणाले.

"बरं झालं वो माय. आन् हा आवाज कायचा?"

"कुत्र्याचं पिल्लू आहे."

ज्या अनोळखी लोकांच्या वहीत मी खरं लिहिलं, त्यांची मी कोणी लागत नव्हते. जिनं मला शिकवलं, तिच्याशी मी दोनदा खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू ओरडायचं थांबलं. पिपालुक शाळेतून येताना डोकावली आणि दारातच उभी राहिली. श्वास थांबल्यावर हान्सनं बर्फ वितळवून केलेलं गोडं पाणी ओंजळीत आणलं आणि पिल्लाच्या तोंडात सोडलं. म्हणाला, "सील जन्मभर खाऱ्या पाण्यात असतो, त्याला तहान असते. माझी आजी प्रत्येक मारलेल्या सीलला पाजायची." मी त्याला सांगितलं, आमच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात. तो म्हणाला, "मग तू पण घाल." मी घातलं.

नंतर कारेननं पिल्लू कापून पाहिलं. श्वासनलिकेत आणि पोटात तेल होतं. आईच्या आचळांना लागलेलं तेल दुधाबरोबर गेलं असणार. आईनं घेतलं असतं तरी कदाचित जगलं नसतं, असं कारेन म्हणाली. मी 'कदाचित' हा शब्द धरून बसले, पण त्याचा मला फारसा उपयोग झाला नाही. उरलेल्या दिवसांत आम्हाला आणखी पाच पिल्लं सापडली, पाचही आधीच मेलेली. त्यांचे केस मी पाकिटांत भरले.

निघताना पिपालुकनं तांदळाची पिशवी दाखवली. तिनं ती उघडली नव्हती. सील परत खाता येईल तेव्हा शिजवीन, म्हणाली. मी विचारलं, कधी? तिनं पिशवी परत फळीवर ठेवली.

सिहोरा

परत आले तेव्हा बांधावरची माणसं मला थांबवून विचारत होती, "काहो मॅडम, सीलची अन् लेकराची भेट घालून दिली म्हणे तुमी!" आईनं गोष्ट गावभर केली होती. बपेऱ्याच्या मावशीपर्यंत ती पोहोचली होती. मी हसून वेळ मारून नेत होते.

चौथ्या दिवशी आई मला मनीषाकडे घेऊन गेली. मनीषा तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळ सातव्या महिन्यात झालेलं, महिनाभर नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. घरी आणून आठवडा झाला होता, तरी ती त्याला जवळ घ्यायला घाबरत होती. हे माझं वाटतच नाही, म्हणायची, याले दवाखान्याचाच वास येते.

आई बाळाच्या पायांना तेल चोळत म्हणाली, "कायले भेते वो? तिकडे बर्फात सीलच्या लेकराले तेल लागलं, मानसाचा हात लागला, तरी मायनं घेतलंच ना. हे पाय, हिनंच पायलं डोयानं. इचार हिले."

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं बाळाला हात लावला नाही, पण ती थोडी पुढे सरकून बसली.

परतीच्या वाटेवर, गावच्या तळ्याजवळ, मी आईला सगळं सांगितलं. गुलाबाचा वास, पंजा, क्रेट, फोनवरचा तो आवाज. ती चालता चालता थांबली.

"म्हंजे ते लेकरू वरडत होतं? माह्याशी बोलत होती तवा?"

"हो."

मला वाटलं ती रागावेल, किंवा माझी समजूत घालेल. तिनं दोन्ही केलं नाही. "मी त्या पोरीले खोटं सांगतलं," ती म्हणाली. "उद्या चाल माह्यासंगं."

"आई, तिला आताच थोडा धीर आला आहे. राहू दे ना."

"खोट्याचा धीर कवापर्यंत पुरते वो? ते पोरगी लेकराले घेईन त आपल्या मनानं घेईन. तुह्या सीलच्या भरोशावर नाही."

दुसऱ्या दिवशी न्हाणीतलं पाणी तापलं होतं. आईनं पाट मांडला, पदर खोचला आणि मनीषाला सांगितलं, "काल मी बोलली ते खरं नोयतं. त्या मायनं नाही घेतलं लेकराले."

मनीषाची सासू म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, जनावरच ते."

मनीषा आईकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. "मंग कोनं घेतलं त्याले?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "तीन दिवस ओरडत होतं. मग मेलं. त्याचं तोंड मी पुसलं होतं."

पाटाशेजारी टोपल्यात बाळ निजलं होतं, त्यानं झोपेत तोंड वेडंवाकडं केलं. मनीषा त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही आणि मी अंदाजही करत नाही.

आईनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"पानी थंडं होऊन राहिलं," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "उचल त्याले. तूच दे माह्याकडे."